ग्रहण सुटल्यावरचे हिटर

माशांच्या टाकीतला हिटर आपोआप जात नाही, तो कुणीतरी घालवावा लागतो. हे माझं मत आहे आणि ते मी आजही कुणापुढंही ठणकावून सांगेन.

मी मालवणची. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. समुद्रावाचून मला करमेना. तेव्हा वडिलांनी गगनबावड्यावरून येणाऱ्या एसटीतून समुद्राच्या पाण्याचे कॅन पाठवले आणि एका डब्यातून खडपातल्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांतल्या, डबक्यात धरलेले काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे दोन मासे. नवरा म्हणाला, "रंकाळा हाय की हितं. ह्यो उपद्व्याप कशाला?" मी म्हटलं, रंकाळा गोडा आहे. झालं, टाकी बाहेरच्या खोलीत बसली.

कोल्हापूरची थंडी त्या माशांना सोसणारी नव्हती, म्हणून हिटर आले. हिटर म्हणजे काचेची नळी आणि तिच्यात तापणारी तार. ही नळी कायम पाण्यात बुडालेली पाहिजे. ती उघडी पडून तापली आणि वरून गार पाणी पडलं की काच तडकलीच म्हणून समजा. मग खाऱ्या पाण्यात करंट उतरतो. मासे जातात, आणि टाकीत हात घालणारा माणूसही जाऊ शकतो. म्हणून टाकीच्या काचेवर मी नेलपॉलिशची रेघ ओढली होती. पाणी आटून रेघेखाली गेलं की वर गोडं पाणी घालायचं, कारण मीठ काही उडून जात नाही. एका मोठ्या हिटरऐवजी मी दोन लहान लावले. आमच्याकडं व्होल्टेज मनाला येईल तसं नाचायचं. त्यात एखाद्याचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की तार बंद करणारी कळ, चिकटून बसला, तरी लहान हिटर एकटा मासे शिजवू शकत नाही. वायरवर चढलेलं मीठ मी नेमानं पुसायची. प्लग काढून नळ्या गार झाल्याशिवाय टाकीत बोटसुद्धा घालायची नाही, हे तर मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. "आमच्या जेवणाकडंबी एवढं बघ की," असं नवरा चिडवायचा. चिडवू दे. गल्लीत मोटरी जळाल्या, मिक्सर जळाले, माझे हिटर ठणठणीत होते.

मग एका पावसाळ्यात वडील गेले. कॅन यायचे थांबले. टाकीतलं पाणी त्यांनी कमरेएवढ्या समुद्रात उभं राहून भरलेलं होतं, आणि आता तेवढंच उरलं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. फक्त रेघ दिवसातून चारदा बघायला लागले.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी सूर्यग्रहण लागलं. दारं-खिडक्या बंद, चूल बंद. ग्रहण सुटल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करायची आणि घरात साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकायचं, ही आमच्या सासूबाईंची शिस्त. मी अंघोळ करून ओल्या लुगड्यानं बाहेर आले. बघते तर हंडा, कळशी, पिंप सगळं पालथं घालून सासूबाई टाकीपाशी पोचल्या होत्या. टाकी निम्मी उपसलेली. दोन्ही नळ्या अर्ध्या उघड्या, थर्मोस्टॅटचा तांबडा दिवा पेटलेला, आणि सासूबाईंनी नळाच्या गार पाण्याचा तांब्या टाकीवर उचलून धरलेला.

"आत्या, थांबा!" मी किंचाळले आणि आधी प्लग उपसला.

"काय झालं गं वरडायला?" तांब्या तसाच हातात. "गिराणाचं पाणी घरात ठिवत्यात व्हय?"

मी त्यांना नळी, काच, करंट सगळं सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, पण चेहरा हलला नाही. "बरं, गार हूं दे. मग ऱ्हायलेलं उपसून टाकू." दाराशी खाऱ्या पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या, गटारात ओतायच्या. त्या बघितल्या आणि मला रडूच फुटलं. "ते माझ्या बाबांनी भरलेलं पाणी आहे," मी म्हटलं. "आता दुसरं येणार नाही."

सासूबाई बादल्यांशेजारी टेकल्या. थंडीनं दोघीही कुडकुडत होतो. टाकीच्या तळाला मासे एका कोपऱ्यात चिकटून बसले होते. थोड्या वेळानं सासूबाई उठल्या, बादलीत बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं.

"समिंदरच हाय की ह्यो," त्या म्हणाल्या. "गिराण सुटलं म्हणून समिंदर कोण उपसतंय व्हय? बघ, नळ्या गार झाल्या का."

मी हात लावून बघितलं. झाल्या होत्या. सासूबाईंनी तांब्या बादलीत बुडवला आणि वडिलांचं पाणी आपल्या हातानं परत टाकीत ओतायला सुरुवात केली, रेघ येईपर्यंत.