उजेडात न निसवलेलं भात

तळेगावच्या नव्या सोसायट्यांत राहणाऱ्या मित्रांनो, आपलं दुखणं एकच आहे... मोकळं आकाश मिळेल म्हणून आपण इथे फ्लॅट घेतले, आणि आता गच्चीवर उभं राहून चांदणी शोधावी लागते.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी कंपाउंडपलीकडून शेजारच्या शेतकरी आबांनी हाक मारली. आमच्या भिंतीला लागून त्यांचं आंबेमोहोर भाताचं खाचर आहे. पुढच्या वर्षीचं बियाणं ते याच खाचरातून धरतात.

बाकी सगळं शिवार निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडून वाकल्या होत्या. भिंतीलगतचं भात मात्र उंच, हिरवंगार... आणि लोंबी एकही नाही. मी शहाणपणा पाजळला, युरिया जास्त झाला असेल.

"युरिया? सर, जरा हितं या. ह्यो पट्टा बगा."

त्या हिरव्यात मधेच एक चौकोनी पट्टा निसवला होता. आमच्या वॉचमनच्या केबिनची सावली रात्री जिथे पडते, नेमका तेवढाच!

"तुमच्या बिल्डिंगीला झोप न्हाई, म्हून माज्या भाताला बी न्हाई. रात मोठी झाल्याबिगर लोंबी कवा टाकायची, ते त्याला कळत न्हाई." मग आबा हसले. "दिवं लावलं तवा भाषण तुमीच ठोकलं व्हतं की. आमी लय टाळ्या वाजवल्या."

खरं होतं ते. हायवेवरून इमारत उठून दिसावी म्हणून आर्किटेक्टने दर्शनी भिंतीवर मोठे दिवे बसवले होते, आणि मी माइक हातात घेऊन त्याला प्रगती म्हटलं होतं. नकाशात आमची जागा कंपाउंडला संपते. उजेड तिथे संपत नाही, हे ना त्याने पाहिलं, ना मी.

मान खाली घालून सेक्रेटरीकडे गेलो. दुपारीच त्या बाजूच्या दिव्यांचा स्विच बंद केला.

उरलेलं भात आता निसवेल का? आबा म्हणतात, खाचरात ओल टिकली तर निसवेल... तोवर पट्ट्यातल्या त्या मूठभर लोंब्या त्यांनी बियाण्यासाठी राखून ठेवल्यात. एका माणसाचं पुढचं वर्ष केबिनच्या सावलीने वाचवलं, आपण नाही.

म्हणून मित्रांनो, लाइक नको, टाळ्या तर मुळीच नकोत. आजच तुमच्या सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या: शेताच्या बाजूचे शोभेचे दिवे बंद करा.