आक्काची भांगलण

खडेबाजारात छत्री दुरुस्त करून घेत उभा होतो, तेवढ्यात आक्कांचा फोन आला. "आप्पा गेलं रं…" एवढंच त्या बोलल्या. पेरणी नुकतीच उरकली होती. निपाणीजवळच्या आमच्या गावात आप्पा-आक्का या नवरा-बायकोचं शेत आमच्या बांधाला लागून. मी बेळगावात कॉलेजात शेतीचं अर्थशास्त्र शिकवतो, पण त्यातलं खरं मला या शेजाऱ्याने शिकवलं.

आप्पांना नाद एकच. सोयाबीन पिकवायला स्वस्त कुणाला पडतं, आपल्याला की ब्राझीलला? तिकडची माहिती मी पुरवायची. आप्पा आकडे कन्नडात मोजत, भांडत मात्र मराठीत. तिकडे अफाट शेतं, सगळी कामं यंत्राने. तरी हिशेबात दरवर्षी आप्पाच जिंकत. मग निपाणीच्या बाजारात छाती काढून सांगत, "ब्राझीलवाला आपल्यापुढं टिकत न्हाय." एवढा शिकलेला मी, मीही मान डोलवायचो, वर्गातही तेच सांगायचो.

एका वर्षी ऐन भांगलणीत, तण खुरपून काढायच्या दिवसांत, आक्कांची कंबर धरली. आप्पा स्वतः खुरपं घेऊन बसले. मी गेलो तेव्हा दिवस मावळला होता. दिवस असतानाच जेवणारा हा जैन माणूस त्या दिवशी उपाशी राहिला होता, आणि ओळी तशाच पडल्या होत्या.

"मास्तर, हिशेब चुकलाय आपला. त्यांच्या यंत्राचं डिझेल धरलं, तुझ्या आक्काची भांगलण न्हाय धरली."

"घरची मजुरी कोण धरतंय, आप्पा?"

"तेच की रं! म्हणून तर आपण लई स्वस्त."

पुढच्या बाजाराला त्यांनी ज्यांच्यापुढे बढाई मारली होती, त्या सगळ्यांना गाठून चूक सांगितली. "बायकोला पगार चालू केला व्हय?" म्हणून लोक हसले. आप्पांनी ऐकून घेतलं. मला मात्र माझी चूक वर्गात सांगायला वर्ष लागलं, याची लाज अजून वाटते.

मग त्यांनी हातातलं घड्याळ काढून शेतातल्या खोपीत खिळ्याला अडकवलं, खाली वही टांगली. आक्का आधी चिडल्याच. "पाळत ठेवताय व्हय माझ्यावर?" पण मग त्या घड्याळ बघून सांगत आणि आप्पा रोजचे तास लिहीत. ते धरल्यावर ब्राझील जिंकला. हरून इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही! आप्पांनी तण काढायचं सायकल-कोळपं आणलं, स्वतः ढकललं. दरवर्षी आक्कांचे तास किती कमी झाले, हे ते फोन करून मला कळवत.

महिन्याने पुन्हा गावी गेलो. खोपीत घड्याळ चालूच होतं. आक्का ओळीतून उठल्या, कंबरेवर हात ठेवून आत आल्या आणि सवयीने आधी घड्याळाकडे पाहिलं. वहीत आप्पांच्या अक्षरातली शेवटची ओळ पेरणीची होती… त्याखाली काहीच नव्हतं.

"मला लिवाय येत न्हाय रं," आक्का म्हणाल्या. "रोज नुसतं बघून ध्यानात ठेवतेय."

मी खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "आक्का, कुठल्या दिवसापासून सांगताय?"