हाक न देता काढलेला चिमटा

घोटीजवळच्या आमच्या खाचरात चिखलणी करताना बैल बांधावरून घसरला आणि मागच्या पायांनी बसला तो बसलाच. मी सातपूरला कारखान्यात वायरिंग बघतो. रजा टाकून घरी गेलो. मागचं अंग कायमचं गेलं असेल तर उगाच हाल नकोत, इंजेक्शन देऊन त्याला मोकळं करू, असं गुरांचे डॉक्टर सांगून गेले होते. दुपारी पुन्हा तपासून ठरवणार होते.

वडील मला गोठ्यात घेऊन गेले. "हो, हो बाळा," म्हणत त्यांनी मागच्या खुराच्या बेचक्यात चिमटा काढला. पाय झटक्यात मागे गेला आणि बैलानं मान वळवून पाहिलं. मला इतका आनंद झाला की डॉक्टरांच्या शिक्षणावर मी यथेच्छ तोंडसुख घेतलं.

डॉक्टर आले आणि त्यांनी वडिलांना गप्प उभं राहायला सांगितलं. वडिलांना ते जमेना. बैलाला मागून हात लावायचा तर आधी हाक द्यायची, नाहीतर तो बिचकतो, ही आमच्याकडची रीत. शेवटी त्यांनी तोंडावर उपरणं धरलं. डॉक्टरांनी मोठ्या चिमट्यानं तीच जागा जोरात दाबली. पाय तसाच मागे गेला. बैल निवांत रवंथ करत राहिला.

माझं डोकंच चालेना. डॉक्टर समजावत होते, की एक नस खुराची खबर पाठीच्या कण्यात नेते, दुसरी तिथून हुकूम घेऊन स्नायूंकडे येते. दोघींची गाठ कण्यातच पडते, म्हणून पाय ओढला जातो. मेंदूकडे जाणारी वाट मात्र पाठीत तुटली आहे. कारखान्यातलं मशीनही काही बिघडलं की ऑफिसला न विचारता आपोआप बंद होतं, तेवढं मला कळतं. पण मग पायाला दुखलं की नाही? दुखलं तर कुणाला? मी विचारलंसुद्धा. डॉक्टर चिमटा पुसू लागले.

वडिलांनी एकच विचारलं, "मंग सकाळधरनं वळून बघत व्हता, ते?"

"तुमच्या आवाजाला," डॉक्टर म्हणाले.

ते इंजेक्शनसाठी बॅग उघडत होते तेव्हा वडील बैलाच्या मागे जाऊन बसले. "हो, हो बाळा," म्हणाले आणि मगच त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. बैलानं मान वळवली. हात त्याला कळत नव्हता, हे आता आम्हा दोघांनाही माहीत होतं. वडील हात फिरवत राहिले, आणि मी डॉक्टरांना म्हणालो, जरा थांबा.