हात्सुए-सानचं नाक

हात्सुए-सानचं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, दुकान आमच्या टोफूच्या दुकानाला लागून आहे. जपानच्या सादो बेटावरच्या या बंदरात महागडी साके पिणारी माणसं कमीच. बाकीचे सगळे कोळी, सुतार, गोदीतले हमाल. त्यांना परवडेल अशी आणि तरीही तोंड वाकडं करायला न लावणारी साके निवडून द्यावी ती हात्सुए-साननीच. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं चालवलं ते या निवडीच्या जोरावर.

"महाग बाटलीत चूक झाली तर लेबल सांभाळून घेतं," त्या म्हणायच्या. "स्वस्तात काही लपत नाही."

स्वस्त साके त्या आधी गार चाखत, मग कोमट, मग कढत. उघडी बाटली रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वास घेत. दुसऱ्या दिवशीही जिचा वास टिकला, ती दुकानात यायची.

त्या हिवाळ्यात त्यांना जबर ताप आला. ताप उतरल्यावर त्यांनी एक बाटली उघडली, पेला नाकाशी नेला, आणि नाकाला काहीच लागलं नाही. घोट घेतला तर जिभेला नुसता आंबटगोडपणा आणि चटका, बस्स. त्यांना वाटलं बाटलीच खराब. दुसरी उघडली. मग मुळ्याच्या लोणच्याची बरणी उघडली. मग नवऱ्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि धुरात तोंड घालून बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही.

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र कुणाला काही कळू दिलं नाही. गिऱ्हाइकांना जुनीच वाक्यं ऐकवायच्या, "ही माशाबरोबर छान लागते, ती कढत प्या." बोलताना समोरच्याचा चेहरा न्याहाळायच्या, याला संशय आला का म्हणून. कधीकधी पेला माझ्यापुढे सरकवून सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "कशी वाटते गं?" मी म्हणायची, "मला काय कळतंय, तुम्हीच सांगा." त्या हसायच्या. त्या हसण्यामागे काय होतं ते मला दिसायला हवं होतं.

वसंतातल्या बंदराच्या जत्रेसाठी एक स्वस्त साके त्यांनीच निवडायची असते. तीच मग वर्षभर घरोघरी जाते. तीन कारखान्यांचे नमुने आले आणि हात्सुए-सानची झोप उडाली. बिघडलेली साके निवडली गेली तर सगळं गाव ती पिणार होतं.

अशाच एका दुपारी बर्फाचा वारा सुटला होता. मी मागच्या दारानं त्यांना टोफू द्यायला गेले. दार सरकवलं आणि गॅसच्या वासानं माझा श्वासच अडकला. साके कोमट करायला ठेवलेलं पातेलं उतू जाऊन जुन्या शेगडीची ज्योत विझली होती. गॅस सुटला की वाजणारा डबा भिंतीवर होता, पण तो केव्हाच बंद पडलेला. आणि हात्सुए-सान शेजारीच बसून पेल्यात जीभ बुडवत होत्या.

मी शेगडीचं बटण फिरवून गॅस बंद केला. तेवढ्यात पुढच्या काचेच्या दाराबाहेर एइकिची-सान दिसले. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे म्हातारे, रोजचं गिऱ्हाईक. ओठात सिगारेट, हातात लायटर. वारा चुकवायला त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि एका हातानं दार सरकवत होते.

"पेटवू नका, एइकिची-सान." माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना तो ऐकू जाणार नाही असं वाटलं.

ते वळले. वास त्यांच्याही नाकात शिरला असावा. लायटर त्यांनी लांब बर्फात भिरकावला. मी हात्सुए-सानना दंडाला धरून बाहेर ओढलं. त्या मलाच विचारत होत्या, "काय झालं? अगं, काय झालं?"

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "वास येत होता?"

"रस्त्यापर्यंत येत होता."

त्या मटकन बर्फात बसल्या. "मला काहीच येत नाही," त्या म्हणाल्या. "ताप आला तेव्हापासून. माझ्यामुळे तुम्ही दोघं आज…"

एइकिची-सान म्हणाले, "मग परवाची ती बाटली?"

"अंदाजानं दिली."

"बघा. मला वाटलं माझंच तोंड बिघडलं. बायकोशी भांडलो त्यावरून."

शेगडी त्याच दिवशी निघाली, विजेची आली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नमुने घेऊन बसलो. वास आम्ही घ्यायचा, चव त्यांनी. आंबट, गोड, कडू त्यांच्या जिभेला अजून नेमकं कळत होतं.

"हिला ओल्या दोरखंडासारखा वास आहे," एइकिची-सान म्हणाले.

"ती बाजूला. पुढची?"

"पिकलं केळं."

"कोमट करा. आता?"

"केळं गेलं. भातासारखा येतोय."

तीच ठरली. पण जत्रेच्या दिवशी हात्सुए-सान मंडपाच्या खांबाला घट्ट धरून उभ्या होत्या. प्रत्येक जण घोट घ्यायचा आणि त्या त्याच्या तोंडाकडे बघायच्या. पिंपं रिकामी झाली, माणसं गायला लागली, तरी त्यांची बोटं खांबावरून सुटेनात.

शरदात वास थोडा परतला, पण भलताच. शिजणाऱ्या भाताचा वास जळक्या रबरासारखा येई. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. हात्सुए-सानना ते पटलं नाही. आज त्यांना बरेच वास येतात, पण स्वतःच्या नाकावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. नवी बाटली उघडली की आमच्या दुकानांमधल्या भिंतीवर थाप मारतात आणि मी हात पुसत जाते. मी काही सांगेपर्यंत त्या श्वास रोखून माझ्याकडे बघत असतात.