बक्षिसाचा डबा

नागलीच्या लाडवांचा डबा उघडला की मला मालमत्तेचा कायदा आठवतो. सत्त्याहत्तर साली मी नाशिकला वकिली शिकत होते. पाठांतर व्हावं म्हणून आईच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. साखरेवर 'गहाण', तांदळावर 'भाडेपट्टा', लाडवांवर 'बक्षीस'.

"अहो, गहाण संपलंय, येताना आणा," आई बाबांना खुशाल सांगायची.

परीक्षेला निघताना तिने लाडू पुढे केला. मी नको म्हटलं.

"घे गं. घेणाऱ्याने घेतल्याशिवाय बक्षीस पुरं होत नाही. रोज तूच घोकतेस ना?"

मी हसत हसत घेतला. आता पक्षकारांची बक्षीसपत्रं लिहिताना 'स्वीकारले' या शब्दाशी आले, की बोटं तुपकट वाटतात.