खळीतली पत्रं

हाशम आणि मी एकाच कारखान्यात सुताला खळ द्यायचो. मैद्याची खळ शिजवायची, सुताची लड पूर्ण बुडवायची, पिळून ताणून वाळवायची. मग मागावर धागा तुटत नाही. हाशमच्या खळीत कधी गुठळी झाली नाही. शेजारच्या मागांच्या खडखडाटानं त्याचे कान मात्र गेले.

ऐकू येईना, तसा तो मुक्या सिनेमांकडं वळला. नात शगुफ्ता मोबाइलवर लावून द्यायची; आजोबाला ती दादा म्हणायची. पुढं हॉलिवूडच्या त्या पहिल्या काळातल्या लोकांची हातानं लिहिलेली पत्रं तो जमवू लागला. बंद पडलेल्या टॉकीजांच्या जाहिराती रद्दीतून निवडून परदेशातल्या शौकिनांना पाठवायचा, बदल्यात पत्रं मागवायचा. कुणी नावाजलेलं नव्हतं. एका नटीनं आईला लिहिलं होतं, दिव्यांपुढं काम करून डोळे सुजलेत, घरी यावंसं वाटतं. ते पत्र शगुफ्ता त्याच्या कानाशी ओरडून वाचायची.

"तुझी कोण लागती रं ती?" मी चिडवायचो.

"तिचे डोळे, माझे कान. कामावरचीच की," तो म्हणायचा.

यंदा पुण्याच्या एका संग्रहालयानं ती पत्रं सांभाळायला मागितली. हाशम हरखला. आपल्यामागं ती रद्दीत जातील, हीच त्याची धास्ती होती. पण कागद घड्यांवर तुटायला लागला होता. तुकडे पडले तर पुण्याचा माणूस नेणार नाही, असं त्यानं मनात घेतलं.

कुणाला न सांगता त्यानं खळ शिजवली. आधी एक छापील जाहिरात बुडवून पाहिली. चांगली निघाली. मग सगळी पत्रं एकदम परातीत बुडवली, लडीसारखी. छापाची शाई टिकली होती. पत्रं टाकानं लिहिलेली; ती शाई पाण्यात सुटली.

शगुफ्तानं मला बोलावलं. दोरीवर कागद वाळत होते. सगळे सारखेच फिकट निळे. परातीतली खळ मी बोटानं पाहिली. पातळ, एकजीव. कामात खोट नव्हती.

"तिनं आईला लिवलेला कुटला?" हाशम विचारत होता. शगुफ्ता एकेक कागद उजेडात धरून बघत होती. तिला सांगता येईना.

"ओढून बघ, बाळासो," हाशम मला म्हणाला.

मी एक कागद ओढला. तुटला नाही. त्यानं मान हलवली आणि भिंतीला टेकून खाली बसला.

पुण्याला कळवायला शगुफ्तानं मोबाइल हातात घेतला. हाशमनं तिचं मनगट धरलं.

"पाणी सांडलं म्हणू नको," तो म्हणाला. "दादानं बुडवली म्हण."