ऑक्सिजन लावला म्हणजे

सिलिंडर दिसला की नातेवाईक रडायला लागायचे. सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमारास नागपूरच्या एका इस्पितळात मी नवजात बाळांच्या खोलीत नर्स होते, तेव्हाची ही गोष्ट. लोकांनी ऑक्सिजन पाहिलेला असायचा तो म्हाताऱ्या माणसांच्या शेवटच्या घटकेला. लावला म्हणजे संपलं, असंच त्यांना वाटे. तो श्वासाला मदत म्हणून लावतात, हे सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडायची.

कामठीच्या पलीकडच्या खेड्यातली एक मुलगी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पहिलाच मुलगा. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा आणि तो बारीक कण्हायचा. काचेची पेटी एकच, तीत दुसरं बाळ होतं. म्हणून याला कापसात गुंडाळून पाळण्यात ठेवलं आणि नाकाशी ऑक्सिजनची नळी दिली. तोंडाने थेंबही द्यायचा नाही, असं मी त्याच्या आईला आणि आजीला, म्हणजे तिच्या सासूला, बजावलं होतं. दोन दिवस तो टिकला. मला मेलीला आशा वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी त्याला बघायला आल्या. मी पेटीतल्या बाळाकडे वळले, तेवढ्यात आजीने घरून आणवलेलं गंगाजल तुळशीच्या पानाने त्याच्या तोंडात सोडलं. बाळ निळं पडलं. मी रबरी नळीने त्याचा घसा साफ केला, पाठ चोळली, तळवे चोळले. श्वास परत आला, पण पहिल्यासारखा नाही. मग मी त्या म्हातारीला इतकं बोलले की शेजारच्या वॉर्डातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. नातवाचा जीव घ्यायला आलीस काय, इथपर्यंत माझी जीभ गेली. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

संध्याकाळी बाळ गेलं. फुप्फुसं कच्चीच होती, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या वॉर्डात गेले.

मी त्या मुलीच्या खाटेशी गेले. पान्ह्याने तिचं लुगडं भिजलं होतं.

"पाण्यानं गेला का वं, सिस्टरबाई?" तिने विचारलं.

खरं काय ते मलाही माहीत नव्हतं. पण तिला त्याच सासूजवळ जन्म काढायचा होता, म्हणून मी ठामपणे नाही म्हटलं.

"मंग त्याईले बी सांगा," ती म्हणाली. "पाणी टाका म्हणून म्याच म्हटलं होतं. त्याईनं काहून अंगावर घेतलं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

म्हातारी व्हरांड्यात नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा मुलगा रिक्षा आणायला गेला होता. मी तिच्याजवळ जमिनीवरच बसले आणि म्हटलं की आजी, तो पाण्याने नाही गेला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सूनबाईले सांगतलं ना असं?"

मी हो म्हटलं.

"मंग झालं बाई," ती म्हणाली. "तिले अजून लेकरं व्हायची हायेत."